मेंढीला विचारून सांगतो

"पाणी आधी मेंढीला पाजा, मंग मला विचारा."

इंद्रभान हे वाक्य एकदाच बोलला, तेही फोनवर. पण बदनापूरच्या पलीकडल्या त्या वस्तीवर ते कुणी विसरलं नाही. फोनच्या दुसऱ्या टोकाला त्याचा मुलगा रामेश्वर होता. रामेश्वर हिमाचलात असतो. जालन्याच्या आयटीआयमध्ये तो गारवा देणाऱ्या मशिनींचं काम शिकला, काही वर्षं बदनापूरला मोसंबीच्या कोल्ड स्टोरेजवर राहिला आणि मग तिकडच्या एका खेड्यात, सफरचंदाच्या कोल्ड स्टोरेजवर लागला. राहायला दोन खोल्या मिळाल्या. बायको अंजू आणि शाळेत जाणारी मुलगी आकांक्षा तिथंच. आता आई-वडिलांनीही कायमचं तिकडं यावं, असं त्याचं म्हणणं होतं.

"इथलं हवापाणी चांगलं हाये दादा. तुम्हाला मानवंल," तो म्हणाला होता.

या 'मानवंल'नं घोटाळा केला. शब्दात मानव असला, तरी इंद्रभानच्या घराण्यात तो शब्द माणसांच्या हातात कधी नव्हता. आजोबा कळप घेऊन गोदाकाठापर्यंत फिरायचे. नव्या जागी गेलं की सगळ्यांत वयस्कर मेंढीला तिथलं पाणी पाजायचे. ती प्यायली आणि रवंथ करत बसली, तर जागा मानवली. तिनं तोंड फिरवलं, की बिऱ्हाड उचललं. पुढं जमीन आली, मोसंबीची बाग आली, कळप आटत गेला. रीत मात्र आटली नाही. घर बांधायच्या वेळी मेंढी रस्त्याकडं पाठ करून बसली, म्हणून घरही रस्त्याकडं पाठ करून बांधलं. अजूनही येणाऱ्या माणसाला आधी कोरी भिंत भेटते. दार शोधायला त्याला पूर्ण वळसा घालावा लागतो.

लग्नाचंही तेच. बायनाबाईला बघायला पाहुणे घनसावंगीकडं गेले, ते मेंढी घेऊनच. पोरीला कुणी स्वैपाक येतो का विचारलं नाही, नावही विचारलं नाही. मेंढी त्यांच्या हौदावर पाणी प्यायली, अंगणात बसली, आणि बैठक उठली.

"मला माणसानं न्हाई, मेंढीनं पसंत केलं," बायनाबाई अजून म्हणायची.

"मेंढी चुकली का पण?" इंद्रभान विचारायचा.

यावर ती काही बोलायची नाही. त्यांचा संसार या न बोलण्यात बऱ्यापैकी सुखात गेला.

आता कळपातलं म्हणण्यासारखं एकच जनावर उरलं होतं, मास्तरीण. दुसऱ्याच्या पाटीवरची चूक दिसल्यासारखी ती सगळ्यांकडं बघायची, म्हणून हे नाव. बाग बघायला बहिणीचा मुलगा मच्छिंद्र बटईनं, म्हणजे वाट्यानं, तयार होता. त्याची वस्ती ओढ्यापलीकडं. इंद्रभाननं त्याला सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी मास्तरीण तुझ्या दावणीला येईल, त्या दिवशी मी हिमाचलाला गेलो समज. तवर बागेत पाय ठेवू नको."

बायनाबाईचं मन आधीच गेलेलं होतं. आकांक्षा सुरुवातीला फोनवर 'आजी, जेवले का' विचारायची. मग 'आजी, खाना खाया?' झालं.

"पोरीच्या तोंडात 'आजी' तेवढं मराठी राह्यलंय," बायनाबाई म्हणाली. "तेबी गेल्यावर जायचं का? मी दसऱ्याआधी निघणार. तुमचं तुम्ही बघा."

इंद्रभानला जायचं नव्हतं. काऊन, ते मात्र त्याला सांगता येत नव्हतं. त्याच्या आयुष्यातले सगळे निर्णय चार पायांनी चालत आले होते. या वयात कुणीतरी त्याला पहिल्यांदाच कारण विचारत होतं, आणि आत हात घातला तर तिथं काहीच नव्हतं. खळं झाडून घेतल्यावर असतं तसं. पण बायको एकटी गेल्यावर रस्त्याकडं पाठ केलेल्या त्या घरात आपण कुणाकडं तोंड करून बसणार, हेही त्याला कळत नव्हतं.

तेव्हा त्यानं आधी स्वतःपुरती चाचणी सुरू केली. रामेश्वरच्या जुन्या कोल्ड स्टोरेजवर कल्याण नावाचा मॅनेजर होता. इंद्रभान घोंगडी घेऊन त्याच्याकडं गेला आणि आत बसू द्या म्हणाला.

"कशाला मामा?"

"थंडी बघायची. हिमाचलची."

कल्याणनं विचार केला. मशीन चालूच होती, खर्च तोच होता. त्यानं दार उघडून दिलं. इंद्रभान मोसंबीच्या थप्प्यांमध्ये क्रेट पालथा घालून, घोंगडीची खोळ डोक्यावर ओढून बसला. फळं गप्प होती. तोही गप्प होता. काही वेळानं आपण आणि फळं एकाच कारणानं इथं ठेवलो गेलोय, असं त्याला वाटायला लागलं. कल्याणनं दार उघडलं तेव्हा त्याच्या मिशा ओल्या होत्या.

"मामा, आणखी बसा. दिवाळीपर्यंत बिलकुल ताजे राहताल."

"थंडी मानवली," इंद्रभान म्हणाला. "पण वासाचं काय? तिथली थंडी मोसंबीच्या वासाची असती का?"

संध्याकाळी फोनवर रामेश्वरनं सांगितलं, इथं सफरचंदाचा वास येतो. इंद्रभाननं मान हलवली. म्हणजे आजची बसणी वाया गेली.

मग डोंगर. बदनापूरच्या आसपास जमीन सपाट, चढ म्हणून दाखवावा असा तलावाचा बांध. त्यावर चढून झालं, पण राहायचं तर डोंगरावर झोपता यायला पाहिजे. त्यानं बाजेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा घातल्या आणि दुपारी आडवा झाला. डोळा लागताच तो पायथ्याशी गोळा झाला. विटा बाजूच्या पायांखाली सरकवल्या, तर भाकरी थापत बसलेल्या बायनाबाईजवळ येऊन पडला.

"दादा, इथं घरं सपाटच असतात हो," रामेश्वर फोनवर म्हणाला.

"डोंगरावर सपाट? मंग त्याला डोंगर काऊन म्हणतात?"

रामेश्वरनं विषय बदलला, आणि इंद्रभानला बरं वाटलं. त्याच फोनवर तो ते वाक्य बोलला. पाणी आधी मेंढीला पाजा.

रामेश्वर हसला नाही. तो त्याच घरातला होता. सफरचंदाचे ट्रक जालन्याच्या मार्केटला यायचेच. त्यातल्या एका ड्रायव्हरजवळ त्यानं तिथल्या झऱ्याच्या पाण्याचा कॅन दिला. ड्रायव्हरनं फाट्यावर ट्रक थांबवला, बूट काढले, आणि कॅन दोन्ही हातांवर घेऊन अनवाणी खाली उतरला.

"गंगाजल है ना, चाचा? पूरे रास्ते सीट पे रखा. नीचे नहीं रखा."

"नक्को भाई," इंद्रभान आपल्या बाजारच्या हिंदीत म्हणाला. "मेंढी का पानी है."

ड्रायव्हरनं त्याच्याकडं बघितलं, कॅनकडं बघितलं, मग बूट घातले आणि निघून गेला.

परीक्षा रविवारी करायची होती. रविवार खंडोबाचा, आणि या घरात मेंढीला दुसऱ्या वारी काही विचारत नसत. तोवर कॅन बायनाबाईच्या ताब्यात चुलीशेजारी राहिला. त्या दिवसांत इंद्रभानच्या जेवणाला एकदम चव आली. त्यांच्या बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, आणि तुरीची डाळ कितीही शिजवा, दाणा दाताशी भांडतो. पण त्या आठवड्यात वरण लोण्यासारखं झालं.

"आज डाळ कुणाची?" त्यानं विचारलं.

"आपलीच."

"चहाबी लई बराबर झाला."

"व्हय का," बायनाबाई म्हणाली.

त्यानं आणखी अर्धा कप घेतला.

रविवार उजाडला तेव्हा इंद्रभान सगळ्यांच्या आधी उठला. रात्रभर त्याला एकच भीती होती, मास्तरीण प्यायली तर? त्याच्या घराण्यात आजवर मेंढीला कुणी फसवलं नव्हतं. त्यानं गोठ्यात जाऊन तिला मिठाचा खडा चाटवला, आणि हौदावर नेऊन पोट टम्म होईपर्यंत पाजलं. ती पीत होती तेव्हा तो दुसरीकडं बघत उभा होता. मग तिला जागेवर बांधून तो परत अंथरुणात शिरला आणि खोकत उठला.

ऊन वर आल्यावर वस्तीवरचे लोक जमले. मच्छिंद्र आला. शेजारच्या सगुणाबाई वाटी घेऊन आल्या. हिमालयाचं पाणी, मेंढीनं उरवलं तर तेवढं तीर्थ मिळावं म्हणून. रामेश्वर फोनवर होता, आणि बायनाबाईनं फोन तुळशीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवला होता, त्यामुळं हिमाचलातून आकांक्षाचा अर्धा चेहरा सगळं बघत होता. बायनाबाईनं कॅनमधलं पाणी घमेल्यात ओतलं.

मास्तरणीनं घमेल्यात वाकून बघितलं. हुंगलं. पाण्यात तिचा चेहरा हलला, तो तिला आवडला नसावा. तिनं मान वळवली, लेंड्या टाकल्या, आणि उभीच राहिली.

"बसंल," मच्छिंद्र म्हणाला.

ती बसली नाही. तिच्या पाठीवर हात फिरवून सगुणाबाई म्हणाल्या, "हिला त्या गारगार देशाचं काय करायचं, बाई." आणि वाटी पदराखाली घेतली.

इंद्रभाननं थोडा वेळ वाईट वाटल्याचं तोंड केलं. मग फोनसमोर जाऊन उभा राहिला. आवाज मोकळा झाला होता.

"न्हाई मानवलं रे रामेश्वर. मी काय करू? माझी ना न्हाई. पण तिनं तोंडच फिरवलं. बघितलं ना तूबी."

"बघितलं दादा," रामेश्वर म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता.

"आबा, मास्तरीण क्यों नहीं पी रही?" आकांक्षानं विचारलं.

मच्छिंद्र चपला शोधायला लागला. बायनाबाई घमेल्याजवळ उकिडवी बसली होती, तिथूनच म्हणाली,

"ते पाणी आपल्या बोअरचं हाये."

चपला शोधणारा मच्छिंद्र थांबला.

"काय?" इंद्रभान म्हणाला.

"हिमाचलचं मी वापरलं. बघावं म्हणलं, डाळ शिजती का. तुमची मेंढी, माझी डाळ. डाळ शिजली. मंग चहा केला, मंग परत डाळ टाकली. कॅन संपला. त्यात आपलं बोअरचं भरून ठिवलं." ती त्याच्याकडं न बघता बोलत होती. "तिकडचं पाणी तुम्ही आठवडाभर पिऊन राह्यले. अर्धा कप जास्तीचा मागून घेतला तुम्ही."

"म्हणजे," मच्छिंद्र सावकाश म्हणाला, "तोंड फिरवलं ते..."

"ह्या जागेला फिरवलं," सगुणाबाईंनी पुरं केलं. वाटी पदराबाहेर काढावी का, हे त्यांना कळेना.

सगळ्यांनी मेंढीकडं बघितलं. ती घराकडं पाठ करून उभी होती. आजोबांच्या हिशेबानं आता या जागेवर एक संध्याकाळही काढायची नव्हती.

इंद्रभानचं तोंड उघडलं. बोलायचं सोपं होतं: सकाळी मीच तिला पोटभर पाजलं, म्हणून ती प्यायली नाही. एवढं म्हटलं की आजची परीक्षा रद्द. पण मग लोक विचारतील, घर बांधताना कुणी पाजलं होतं? घनसावंगीला, पोरीच्या अंगणात जाण्याआधी वाटेत तिच्या तोंडाला कुणी पाणी लावलं नव्हतं कशावरून? तो वाक्याच्या उंबऱ्यावर उभा राहिला. मागं सगळं आयुष्य होतं, आणि त्याची पाठ रस्त्याकडं होती.

बायनाबाई उठली. तिची नजर त्याच्या पावलांवर गेली. घोट्यापर्यंत हौदाजवळचा चिखल वाळून पांढरा झाला होता. तिनं तो नीट बघितला.

"मेंढी खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना?"

फोनमधला आकांक्षाचा अर्धा चेहरा आणखी जवळ आला.

"बोला आता," बायनाबाई म्हणाली. "मेंढी चुकली का?"

इंद्रभाननं तिच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा तिच्याकडून आला होता, आणि पहिल्यांदा गप्प बसायची पाळी त्याची होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पोरीच्या वयात, अनोळखी जनावर अंगणात रवंथ करताना बघत ती उभी राहिली असेल, तेव्हाही ती अशीच दिसली असणार. त्यानं तेव्हा बघितलं नव्हतं. तो मेंढीकडं बघत होता.

त्यानं खुंटीवरची घोंगडी काढून खांद्यावर टाकली, मास्तरणीचं दावं सोडलं, आणि तिला घेऊन घराला पूर्ण वळसा घालत, कोऱ्या भिंतीजवळून, ओढ्यापलीकडं मच्छिंद्रच्या वस्तीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागला.