डाव्या डोळ्यातला कण

कारखान्यात त्याला सगळे वैद्य म्हणत. होता तो टर्नर. एकतीस वर्षं लेथवर. कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस उडाला की तो माणूस दवाखान्यात न जाता वैद्यासमोर स्टुलावर बसे. काडीवर पापणी उलटायची, रुमालाच्या टोकानं कण टिपायचा, की मशीन पुन्हा सुरू. गॉगल खिळ्याला टांगलेले असत. असल्या गोष्टीला तिथे इजा म्हणायची पद्धत नव्हती.

म्हणून एमआरआयआधीचा फॉर्म भरताना तंत्रज्ञ बाईंनी विचारलं, "डोळ्यात कधी धातू गेलाय?" तेव्हा तो सरळ "नाही" म्हणाला.

त्याचा कॅन्सर उजव्या डोळ्याजवळच्या, नाकामागच्या पोकळीत होता. सीटी स्कॅनमध्ये गाठ आणि तिच्यामुळे साचलेला स्राव एकसारखेच करडे दिसत होते. एमआरआयमध्ये दोन्ही वेगळे ओळखू येतात. उपचाराचे किरण गाठीपुरतेच ठेवता आले, तर उजवी नजर वाचण्याची आशा होती. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटाही तयार होता.

"बाई, यांचं ऐकू नका," बायको म्हणाली. "अख्ख्या कारखान्याची कुसळं यांनी काढलीत. यांचं कोण काढणार?"

"तू गप्प बस गं. निघालं होतं ते."

"निघालं होतं? आठवडाभर उशी भिजत होती!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आतला चुंबक कधीच बंद नसतो, काका. कण हलला तर डोळा आतून फाटेल."

तासाभरात एक्स-रे झाला. डाव्या डोळ्यात, अगदी मागे, खसखशीच्या दाण्याहून लहान असा पांढरा ठिपका होता.

तो काढायचा तर वेगळं ऑपरेशन, मग जखम भरेपर्यंत थांबणं. गाठ तेवढी थांबणारी नव्हती. "आता सीटीवरच आखणी करू," डॉक्टर म्हणाले, "पण सगळी पोकळी गाठ म्हणूनच धरावी लागेल. उजव्या डोळ्याची नस त्यात येते."

"म्हणजे डोळा जाणार?"

"वर्ष-दोन वर्षांत. बहुतेक."

बाहेरच्या बाकावर तो बायकोला म्हणाला, "तू बोलली नसतीस तर दोन्ही राहिले असते."

"बोलले नसते, तर डावा आजच गेला असता."

मुखवटा घालून तो तेहतीस वेळा किरणांच्या मशीनखाली टेबलावर झोपला. गाठ आटली. चौदाव्या महिन्यात उजवा डोळा विझला.

कारखान्यानं त्याला स्टोअरमध्ये बसवलं. एकदा ग्राइंडरवरचा माणूस डोळा चोळत आला आणि सवयीनं समोर बसला. वैद्यानं काडी उचलली. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येईना. काडी पापणीऐवजी गालाला लागली. त्यानं ती खाली ठेवली.

"दवाखान्यात जा. आणि पुढे कधी कुणी डोळ्यात धातू गेलाय का विचारलं, तर हो म्हण."

"एवढ्याशा कणासाठी? काय राव, वैद्यबुवा!"

त्या माणसानं बाहीनं डोळा पुसला आणि जाऊन ग्राइंडर सुरू केला.