आखाडाची खोप

आमच्या गावात कशाचंही कारण विचारा, मिळतं. नागपंचमीला चिरायचं का नाही, तिन्हीसांजेला केर का काढायचा नाही, शनिवारी तेल का आणायचं नाही. एक जण एक सांगतो, दुसरा दुसरं सांगतो आणि कल्याणचे भटजी दोघांनाही खोटं पाडून तिसरं सांगतात, वर नारळ घेऊन जातात. मी ठाण्याला राहून चार बुकं शिकलो, तिथंही तेच. आमच्या पंतोजींनी तर प्रत्येक रीतीमागे आरोग्य शोधून ठेवलं होतं. या कारणं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. का येतो, ते सखुबाईची हकिकत सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

सखुबाईचं घर आमच्या घराला लागून. गाव खाडीकाठचं. पावसाळ्यात भात आणि पाऊस सरला की मिठागर, एवढ्यावर सगळ्यांची पोटं. सखुबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला आई नव्हती, बाप पटकीच्या साथीत गेलेला. चुलत्यानं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. सासू गंगुबाई. तिच्या तोंडाला गाव भ्यायचं, पण कामाला वाघीण होती, तेही खरं.

लग्नानंतरचा पहिला आखाड आला. आखाड म्हणजे आषाढ. नव्या सुनेनं आणि सासूनं त्या महिन्यात एकमेकींचं तोंड बघायचं नाही, बघितलं तर घराला वाईट, अशी रीत. म्हणून सून महिनाभर माहेरी जाते. का बघायचं नाही? भटजी म्हणतात दृष्ट लागते. पंतोजी म्हणत, आषाढात पोरीला दिवस राहिले तर बाळंतपण चैत्राच्या उन्हात येतं, म्हणून दूर ठेवायची. माझी आई म्हणायची, नव्या पोरीला तेवढीच विश्रांती. विश्रांती! आखाड म्हणजे लावणीचा महिना. सासरच्या चिखलातून उठायचं आणि माहेरच्या चिखलात जाऊन वाकायचं, याला विश्रांती म्हणायचं असेल तर म्हणा.

पण ज्या पोरीला माहेरच नाही, तिनं कुठं जायचं, हे मात्र कुठल्याच कारणात बसवलेलं नव्हतं. सखुबाईला चुलत्याकडे पोचवली. चुलतीनं एक रात्र ठेवली आणि दुसऱ्या दिवशी परत धाडली. पोर भिजत दारात आली, तर गंगुबाईनं आतून कडी घातली आणि दाराआडून ओरडली, "गोठ्यात जा, आणि तोंडावर पदर घे!"

तो महिना सखुबाईनं गोठ्यात काढला. भाकर उंबऱ्यावर ठेवली जायची. ठेवणारीचा हात आत गेला की हिनं उचलायची. आता कुणी म्हणेल, रीत पाळली, बरं झालं. पण पहाट झाली की हीच पोर लावणीला शेतात हजर. एका टोकाला सासू, दुसऱ्या टोकाला सून, दोघींच्या पाठी एकमेकींना. तोंडाचा दोष होता, हातांचा नव्हता. आवण्या, म्हणजे भाताची रोपं, लावत लावत पाठीकडून पाठीकडे सरकायचं आणि मधल्या ओळीला आल्या की दोघींनी बांध चढून दोन दिशांना जायचं. माझ्या आईनं हे डोळ्यांनी बघितलेलं. ती सांगताना हसायची, आणि हसता हसता थांबायची.

श्रावण लागल्यावर सखुबाईनं सासूला विचारलं, "आत्या, ही रीत कोनी पारली? कशापाय?" पारली म्हणजे पाडली; आमच्या बोलीत ड-ढ चा र होतो.

गंगुबाई म्हणाली, "मना काय म्हाईत? माझ्या सासूनं केला, मी केला."

सखुबाईनं पुन्हा विचारलं नाही. पण ते तिच्या पोटात राहिलं.

पुढं गंगुबाई गेली, नवरा गेला. दोन मुलगे हाताशी आले, थोरला धाकू आणि धाकटा पंढरी. आमच्या बाजूला आगगाडी थांबायला लागली त्या सुमारास धाकूचं लग्न ठरलं. सखुबाईनं सून शोधली ती शालू. आई लहानपणीच गेलेली, बाप मुंबईला गोदीत आणि तिथंच त्यानं दुसरा संसार मांडलेला. गावातल्या बायकांनी सखुबाईला वेड्यात काढलं. बिनमाहेरची सून म्हणजे सणाला ना पातळ, ना करंजीचा डबा. सखुबाई म्हणाली, "मीपन तशीच आलेली. मना खाल्लात कं तुमी?"

आखाड जवळ आला तशी शालू घाबरी झाली. सगळ्या बायकांची नजर त्या दाराकडे, की आता ही कुठं जाते बघू. अमावास्येच्या दुपारी सखुबाईनं डोक्यावर तांदळाची पाटी घेतली, तिच्यात मडकं ठेवलं, काखोटीला घोंगडी मारली आणि अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "रीत काय सांगते? सासूसुनेनं तोंड बगायचा नाय. कोनी जावाचा ते कुठं सांगितलंय? मी जाते!"

आणि गेली. मिठागराच्या बांधावर त्यांची खोप होती. मीठ राखायला उन्हाळ्यात कुणीतरी तिथं निजायचं, पावसाळ्यात ती रिकामीच असायची. कुडाच्या भिंती, वर पेंढा. तिथं सखुबाईनं महिना काढला. माझी आई चौथ्या-पाचव्या दिवशी तिला बघायला गेली, मनात धरून गेली की बाई रडत असेल. तर ही चुलीवर चिंबोऱ्यांचं कालवण रटरटत ठेवून पाय पसरून बसलेली.

"हौसा," ती आईला म्हणाली, "दिस वर येईपरत निजते. कोन हाक मारीत नाय. जल्माला आल्यापासून पयल्यांदा माहेरी आल्यासारखा वाटतंय."

आई घरी आली ती थेट चुलीपाशी बसून रडली. मला त्या वयात ते कळलं नव्हतं. आज कळतं आणि संताप येतो. एका बाईला माहेर मिळालं ते तिच्या सुनेच्या आखाडात, मिठाच्या खोपीत.

शालू रोज बांधाच्या अलीकडे भाकर ठेवायची आणि पाठ करून मोठ्यानं सांगायची, आज म्हशीनं दूध किती दिलं, लावणी कुठवर आली. सखुबाई तिकडून ओरडून उत्तर द्यायची. दोघींच्या हसण्याचा आवाज आमच्या शेतापर्यंत यायचा. श्रावणाच्या पहिल्या दिवशी सखुबाई घरी आली, तर शालूनं तिचे पाय धरले ते सोडेचना.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहायला बसलोच नसतो. पण पुढच्या साली शालूला मुलगा झाला. त्याच हंगामात मीठही भरघोस पिकलं. झालं! लोकांना कारण लागतंच. सासू आखाडात मिठागरावर जाऊन राहिली म्हणून घराला बरकत आली, असं पाणवठ्यावर ठरलं. भटजींनी त्यात भर घातली, की वडीलधारं माणूस आषाढात वेशीबाहेर राहिलं तर क्षेत्रपाल प्रसन्न होतो, तसं शास्त्रच आहे. सखुबाई त्यांना तोंडावर म्हणाली, "कसला क्षेत्रपाल? पोरीला जावाला जागा नव्हती म्हनून मी गेले." भटजी हसले. अडाणी माणसाच्या हातून देव असंच करवून घेतो म्हणाले, आणि नारळ पिशवीत टाकला.

मधे काही वर्षं गेली. सखुबाई खंगली. मिठात उभं राहून तळपाय फुटलेले, गुडघे धरलेले, पाऊस लागला की खोकला असा यायचा की आमच्या घरात झोप लागायची नाही. अशात पंढरीचं लग्न झालं. सून आली नंदा. हिला मात्र माहेर होतं, भरलेलं. आई होती आणि जीव टाकणारे भाऊ होते. आखाडाच्या आधी ते भाऊ बैलगाडी जुंपून बहिणीला न्यायला आले. नंदानं बोचकं बांधून तयार ठेवलेलं. सखुबाई पडवीत घोंगडी पांघरून बसलेली, तिनंही हात हलवून सांगितलं, "जा बाय, सुखानं जा."

तेव्हा शालू पुढं झाली. "आपल्या घरात सून जात नाय. सासू जाते."

सखुबाईला वाटलं ती चेष्टा करते आहे. शालू चेष्टा करत नव्हती. म्हणाली, "मी गेले नाय तर घराचा भला झाला. आता ही गेली आनि माझ्या पोराला काय झाला तर? कोन जबाबदार?"

त्या वर्षी तिच्या मुलाला देवी येऊन गेलेल्या, मरणाच्या दारातून परत आलेला. तिच्या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. पण दुसरंही होतं, ते तिनं सांगितलं नाही, मी सांगतो. लावणीला हात हवे होते. नंदा तरणीताठी आणि सखुबाईकडून आता एक मूठ आवण लागत नव्हतं. कुणाला घरात ठेवायचं आणि कुणाला बाहेर, हे रीतीनं नाही, चिखलानं ठरवलं. भटजींना विचारलं. ते म्हणाले, पाडलेली रीत मोडू नये, मोडल्यास दोष आहे. नंदाचे भाऊ चिडून रिकामी गाडी घेऊन परत गेले. नंदा बोचक्यावर डोकं टेकून रडत बसली. जिला जायचं होतं तिला राहायला लावलं आणि जिला चालता येत नव्हतं तिला जायला.

धाकूनं आईला पाठीवर घेतलं. मी बरोबर घोंगडी आणि लाकडं घेऊन चाललो होतो. त्याला म्हटलं, "धाकू, ही म्हातारी तिथं टिकायची नाही." त्यानं आईला सावरून घेत पाय उचलला. बांधावर आल्यावर सखुबाईनंच त्याच्या कानाशी विचारलं, "कं रं नेतंस मना?"

तो म्हणाला, "आये, तूच पारलीस ना रीत."



खोपीचा पेंढा त्या साली बदललेला नव्हता. पाणी तिच्या अंथरुणावर गळायचं. मी एकदा वरून ताडाच्या झावळ्या टाकून आलो, वाऱ्यानं त्या उडवल्या. आईनं तिला आमच्या घरी आणायची म्हटलं, तर शालू भांडायला दारात आली, की आमच्या घराचं वाईट चिंतता का. आता रीतही वाढली होती. नव्या सुनेचंच नाही, कुठल्याच सुनेचं तोंड नको. म्हणून शालू भाकर बांधावर ठेवायची आणि मुकाट परतायची. गप्पा नाहीत, हसणं नाही. सखुबाईला उठून बांधापर्यंत येववत नव्हतं. भाकर पावसात भिजायची, खेकडे न्यायचे. आई जमेल तेव्हा जाऊन पेज भरवायची.

शेवटच्या वेळी सखुबाई आईला म्हणाली, "हौसा, मी रीत पाराया नव्हते गेले गं. मी एका पोरीसाटी गेलते."

महिना संपायच्या आधीच ती गेली.

प्रेत अंगणात आणलं. आखाड अजून चालू होता. तिला न्हाऊ घालायला सुनांनी पुढं व्हायचं, पण त्यांना तोंड बघायचं नव्हतं. आंघोळ माझ्या आईनं घातली. शालू आणि नंदा ओटीवर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. शालू भिंतीवर कपाळ आपटून ओरडत होती, "आये गं, आये गं." त्या रडण्यात काही खोटं नव्हतं. तिरडी उचलली, वाटेला लागली, तरी तिनं वळून बघितलं नाही. गंगुबाई आणि सखुबाई शेतात पाठमोऱ्या उभ्या राहायच्या, ते मी ऐकलेलं होतं. हे मी बघितलं.

पुढं खोपीच्या दाराशी एक धोंडा आला, त्याला शेंदूर आला. गावातल्या नव्या नवऱ्या आखाडाआधी तिथं ओटी भरतात. धोंडा कुणाचा विचारलं तर क्षेत्रपालाचा म्हणून सांगतात. सखुबाईचं नाव त्यात कुठं नाही.

गेल्या वैशाखात मी बांधावरून येत होतो. शालू खोपीवर काम करताना दिसली. जुना पेंढा काढून टाकून नवा जाड पेंढा शाकारून घेतलेला, कुड लिंपलेला, आत जमिनीपासून चांगला उंच ओटा घातलेला, चुलीला आडोसा. गाव म्हणतं, मेलेल्या सासूवर केवढी माया. भटजी म्हणतात भक्ती. मी तिलाच विचारलं, "वहिनी, खोपीला एवढं कशाला करतेस? इथं कोण राहतंय आता?"

तिनं चिखलाचे हात पदराला पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरगा वारतंय, भावजी. आज ना उद्या सून येल."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मग मोडून टाक ना ही रीत. तुझ्या हातात आहे."

"मी कशी मोरू?" शालू म्हणाली. "माझ्या सासूनं पारलेली हाय."