डाव्या खांद्याची बंदूक

ती घटना आजही आठवते. आठवली की आधी हसू येते आणि मग ते ओठावरच थांबते. सिंगापूरच्या पोलीस दलात माझी सगळी नोकरी झाली. आजोबा इथल्या बंदरावर कामाला आले आणि इथलेच झाले, त्यामुळे घरात मराठी आणि ठाण्यात इंग्रजी हा माझा जन्माचा रिवाज. निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना हे प्रकरण माझ्याकडे आले.

आमच्या शहरात फोनवर कोणी ‘बंदूक’ हा शब्द उच्चारला की ठाण्यातला चहा कपातच राहतो. परवान्याशिवाय एक काडतूस सापडले तरी माणूस आत जातो. हुबेहूब दिसणारी नकली बंदूक बाळगणे हाही गुन्हाच. हे बाहेरून आलेल्या लोकांना ठाऊक असते, पण कागदावरचा कायदा आपल्या घरातल्या लाकडालाही लागू होतो हे मात्र सुचत नाही.

सकाळची पाळी नुकतीच बदलली होती. तोआ पायोह या जुन्या वस्तीतून एका वृद्ध चिनी गृहस्थांचा फोन आला. समोरच्या ब्लॉकमध्ये एक बारीक, टक्कल असलेला माणूस रोज सकाळी खिडकीत उभा राहून लांब बंदूक रोखतो, असे त्यांचे म्हणणे. ती कशावर रोखली आहे हेही त्यांनी ठरवून टाकले होते. या अंकलकडे गाणारा पक्षी होता, त्याचा पिंजरा ते खिडकीबाहेर टांगत, आणि तो माणूस आपल्याच पक्ष्यावर टपला आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. बहुतेक तक्रारदारांना स्वतःच्या जिवाची काळजी असते. यांना पक्ष्याची होती, आणि म्हणून त्यांनी नीट पाहिले होते. डावा खांदा, काळी नळी, टक्कल. असा साक्षीदार वर्षातून एखादाच मिळतो.

आम्ही बुलेटप्रूफ जाकिटे घालून गेलो. शेजारची दारे बंद करायला लावली आणि बेल वाजवली. दार उघडले ते पन्नाशीच्या एका स्थूल गृहस्थाने, तोंडावर दाढीचा फेस, आणि डोक्यावर केसांचे असे रान की माझ्या मनात आलेच, टक्कल ते कुठले. आमच्या हातातली शस्त्रे पाहून त्याने हात वर केले. आत हॉलमध्ये त्याची बायको बसली होती, डोक्याला घट्ट रुमाल बांधून. मला वाटले, केसांना तेल चोपडून न्हायला निघाली असणार. माझी आई रविवारी अशीच बसायची.

बंदूक बेडरूमच्या दारामागे होती, चादरीत गुंडाळलेली. पॉलिश केलेला लाकडी दस्ता, काळी नळी, चाप, सगळे जागच्या जागी. माझ्याबरोबरच्या सार्जंट बाईंनी हातमोजे घालून ती उचलली आणि त्यांचा चेहरा बदलला. “सर, धिस वन सो हेवी. नॉट टॉय, लाह.”

नवऱ्याला ताब्यात घेतले. तो मरीन इंजिनिअर, तुआसच्या एका जहाजदुरुस्ती यार्डात कामाला. नावगाव विचारताच कळले की मराठी आहे. मी तसे वरिष्ठांना लगेच सांगितले. आपल्या भाषेचा माणूस समोर असला की मन नकळत झुकते, आणि झुकले नाही तरी लोक तसेच म्हणतात. वरिष्ठांनी ठरवले की जबाब सार्जंट बाईंनी घ्यायचा आणि मी सोबत बसायचे.

दुपारपर्यंत तांत्रिक विभागाचा निरोप आला. नळी म्हणजे भरीव लोखंडी सळई होती, तिला छिद्रच नव्हते. चाप हलत नव्हता. दस्त्यात एक खाच होती आणि तीत शिशाचे तुकडे बसवलेले. ही वस्तू कुणाच्या डोक्यात हाणता आली असती, पण तिच्यातून गोळी सुटणे शक्य नव्हते. त्यामुळे आमचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. ज्याला इतके बेमालूम लाकूडकाम येते आणि ज्याच्या हाताशी यार्डातली यंत्रे आहेत, तो उद्या खरी बंदूकही बनवेल. हा नमुना असला तर गिऱ्हाईक कोण? तो टकला कुठे आहे?

नवऱ्याने ताकास तूर लागू दिली नाही. बंदूक मीच केली, हौस म्हणून केली, खिडकीत मीच उभा राहत होतो, घरी तिसरे कोणी येत नाही. तेच तेच, त्याच क्रमाने. सार्जंट बाईंनी त्याच्या केसांकडे पाहून टकल्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा तो म्हणाला की म्हाताऱ्याला नीट दिसत नसेल. खोटे बोलणारी माणसे मी भरपूर पाहिली. सराईत माणूस खोटे बोलताना आपल्याकडे बघतो, आपल्याला ते पटले का हे तपासतो. हा टेबलाकडे बघून बोलत होता आणि आम्हाला पटते की नाही याची त्याला पर्वाच नव्हती.

मग त्याचा फोन उघडला. न्यूझीलंडमध्ये शेती करणाऱ्या मेव्हण्याशी रोमन लिपीतल्या मराठीत महिनाभर बोलणे चालले होते, आणि विषय एकच, बंदूक. सार्जंट बाईंना वाटले, मिळाला धागा. मी वाचायला बसलो. इंजिनिअरसाहेबांचे म्हणणे, सर्वांत हलकी बंदूक घ्यावी. मेव्हणा त्यांना वेड्यात काढत होता. हलकी बंदूक उचलायला सोपी, पण तीच खांद्याला जास्त लाथ मारते. वजन असले की धक्का बंदूकच पिते. बारा बोअरची जाड नळी नको, वीस बोअरची बारीक घ्यावी, आणि तीही आपोआप पुढचे काडतूस चढवणारी, कारण तिच्यात गोळीचा थोडा वायू यंत्र फिरवण्यात खर्च होतो आणि धक्का खांद्यावर सावकाश येतो. काडतुसे कमी दारूची. दस्त्याच्या टोकाला मऊ रबर. आणि सर्वांत आधी दस्ता मापाचा हवा, कारण मापाबाहेरची बंदूक कितीही गरीब असली तरी गालाला आणि खांद्याला लागतेच.

मी फोन खाली ठेवला. माणसावर गोळी झाडायला निघालेला कोणीही आपल्या खांद्याला किती लागेल याची अशी चौकशी करत नाही. ही काळजी दुसऱ्याच्या खांद्याची होती.

जप्त केलेली बंदूक मागवली आणि त्याला म्हणालो, खिडकीत लावत होतात तशी लावून दाखवा. त्याने ती उजव्या खांद्याला लावली. त्याचा गाल दस्त्यावर बसेना. लाकूड डावीकडून लावणाऱ्यासाठी कोरलेले होते, आणि लांबीला इतके आखूड की त्याचे कोपर अंगात रुतले. स्वतःच्या हाताने केलेली बंदूक त्याला स्वतःला होत नव्हती. आखूड हातांचा, डाव्या खांद्याने नेम धरणारा, बारीक, बिनकेसांचा माणूस त्या घरात दुसरा कोण होता? तेव्हा मला तो रुमाल आठवला. तेल लावलेली बाई रुमाल इतका घट्ट, कानामागून कपाळापर्यंत ओढून बांधत नाही.

मी मराठीत विचारले, “वहिनींना बरं नाही का?”

त्याने बंदूक टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “साहेब, माझं काय ते करा. तिला इथं आणू नका.”

तिला कर्करोग झाला होता. उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेली, औषधे अजून चालू, केस गेलेले. हे त्याने सासरी सांगितले नव्हते, यार्डात सांगितले नव्हते, मराठी मंडळींच्या गणपतीत दोघे गेले नाहीत त्याचेही कारण भलतेच दिले होते. तिने तशी शपथच घातली होती. फक्त तिच्या भावाला, त्या न्यूझीलंडच्या मेव्हण्याला, माहीत होते. आणि आता याची भीती अशी की गुन्हा दाखल झाला की वर्क पास जाणार, पास गेला की इथून निघावे लागणार आणि उपचार अर्ध्यावर राहणार. तरीही त्याला वाटत होते की दोष आपल्या माथ्यावर घेतला तर निदान ती तरी सुटेल. हे गणित त्याने आमच्या कोठडीत बसून मांडले होते आणि ते चुकीचे होते. खोटे बोलून तो प्रकरण आणखी खोलात नेत होता.

जबाबासाठी तिला बोलवावेच लागले. ती टॅक्सीने एकटी आली. सार्जंट बाईंनी पाणी दिले, ते प्यायली आणि आम्ही काही विचारायच्या आत तिने रुमाल सोडून टेबलावर ठेवला.

“तो टकला मीच,” ती म्हणाली. “ह्यांना सोडा.”

तिने सगळे सरळ सांगितले. बालपण भंडाऱ्याकडे गेले. तेव्हा परवान्यावर पाणपक्ष्यांची शिकार चालत असे आणि वडील दोन्ही मुलांना तलावावर नेत. आता भाऊ न्यूझीलंडमध्ये मोसमात बदके मारतो, त्याने बोलावले होते. उजव्या खांद्याला कसलाही धक्का चालणार नाही असे डॉक्टरांनी बजावले, म्हणून तिने पन्नाशीत डावा खांदा शिकायला घेतला. नवऱ्याने माप घेऊन लाकूड कोरले. तिला किती वजन पेलवते ते पाहायला शिसे कधी भरायचे, कधी काढायचे. वजन वाढले की धक्का कमी होणार, पण हात थरथरणार, आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तिची बंदूक होती. खिडकीसमोरच्या झाडावर साळुंक्या येत, त्यांच्यामागे ती नळी फिरवत असे. अंकलच्या पिंजऱ्याकडे तिचे लक्षही गेले नव्हते. नळीला काळा रंग द्या, असे तिनेच सांगितले होते, नेम शिकायला बरे म्हणून. त्या रंगानेच तिचा घात केला.

मी विचारले की उपचार संपल्यावर, पुढच्या मोसमात गेलात तर चालणार नाही का. पोलिसाने विचारायचा हा प्रश्न नव्हे, पण तोंडून गेला.

“पुढच्या मोसमाचं मला डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत,” ती म्हणाली. “तुम्ही सांगता का?”

सार्जंट बाईंना मराठी येत नव्हती. तरी त्यांनी मान खाली घातली.

नवऱ्याला जामीन मिळाला, पासपोर्ट आमच्याकडे जमा झाला आणि प्रकरण सरकारी वकिलांकडे गेले. वाट पाहण्याचे ते दिवस त्या दोघांनी कसे काढले असतील देव जाणे. तिकडे भावाचा मोसम तोंडावर आला होता. अहवाल मी लिहिला. अहवालात सहानुभूती लिहिता येत नाही, लिहूही नये. वस्तुस्थिती मात्र पूर्ण लिहिता येते. नळी भरीव आहे, माप बाईंचे आहे, डॉक्टरांचे म्हणणे असे आहे, भावाशी झालेले बोलणे तसे आहे, एवढे मी ओळीने मांडले. शेवटी दोघांना कडक ताकीद देऊन प्रकरण मिटले. पास वाचला. अंकलना मी जाऊन सांगितले की आता धोका नाही. त्यांचा विश्वास बसला नसावा, कारण त्यांनी पिंजरा स्वयंपाकघराच्या बाजूला हलवला.

बंदूक नष्ट करायची होती. इंजिनिअरच्या बायकोसमोर तसे सांगितले तेव्हा तिने एवढेच मागितले, मोडण्याआधी माप घेऊ द्या, भावाकडच्या कारागिराला कळवायचे आहे. नियमात हो नव्हते आणि नाहीही नव्हते. सार्जंट बाईंनी टेप आणली. ती आमच्या खोलीत उभी राहिली, डाव्या खांद्याला बंदूक लावली आणि गाल टेकवला. तो असा बसला की बघत राहावे. नवरा टेप धरून आकडे सांगत होता.

निवृत्त झाल्यावर एके दुपारी ती दोघे मला तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, भेटली. तिच्या डोक्यावर बोटभर केस आले होते, पांढरे. दोघे न्यूझीलंडला जाऊन आले होते. मी बदकाचे विचारले.

“पहिलं उठलं, मी चाप ओढला आणि ते आपलं निवांत निघून गेलं,” ती म्हणाली. “भाऊ इतका हसला की चिखलात बसला. म्हणाला, बाबांनी तुला इथूनच घरी पाठवलं असतं. मी अशी चिडले म्हणून सांगू. आजार कळल्यापासून मला कुणी हसलंच नव्हतं, साहेब.”

दुसरे पडले का, हे विचारायचे माझ्या लक्षात राहिले नाही. इतकी वर्षे मी गुन्हा लपवणारे शोधले आणि सगळ्या खोट्याला एकाच काट्याने तोलले. या प्रकरणाने शिकवले ते हे की काही माणसे दुसऱ्याला पाठीशी घालायला खोटे बोलतात, आणि ते खोटे सर्वांत चिवट असते, कारण बोलणाऱ्याला ते पापच वाटत नाही. पण त्याच्या आडोशाला जो बसलेला असतो, त्याला बाहेर येऊन स्वतःचे नाव स्वतः सांगायचे असते. नवऱ्याचे अजून तिथवर पोचणे बाकी होते. आम्ही बोलत होतो तेव्हा तो तिच्या माशातला एकेक काटा काढून कडेला ठेवत होता.

“अहो, द्या ते इकडे,” ती म्हणाली. “मला येतात काटे काढता.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि ताटली तिच्याकडे सरकवली.