दुसऱ्याने भरलेलं काडतूस

नवऱ्याचे दिवस झाले, म्हणजे इथे अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमध्ये जसे जमतात तसे झाले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात एक म्हातारा शेतमालक तीन तास गाडी चालवत आमच्याकडे आला. उत्तरेला, उंचावरच्या भागात त्याची चाऱ्याची शेतं आहेत. तिथे प्रेअरी डॉग नावाचे प्राणी जमीन पोखरतात. नाव कुत्र्याचं, पण दिसायला जाड्या खारीसारखे. माझा नवरा दहा वर्षं त्यांना मारायला तिथे जात होता. म्हातारा चहाला नको म्हणाला, सरळ गॅरेजमध्ये गेला, टेबलावर ओळीने लावलेले काडतुसांचे डबे त्याने पाहिले आणि मला एवढंच बजावलं, की घरी भरलेली काडतुसं ज्याने भरली त्यानेच उडवायची असतात. दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी आपल्या बंदुकीत घालत नाही. माणूस गेला की ती एकेक उघडून रिकामी करायची.

या छंदाचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. माझ्या माहेरी काय, सासरी काय, अंडंसुद्धा घरात येत नसे. आणि हा पुण्यात वाढलेला सॉफ्टवेअरवाला ऑफिसातल्या कुणाबरोबर एकदा गेला काय आणि रायफल घेऊन आला काय! मी महिनाभर धड बोलले नव्हते. पण खरं सांगायचं तर मारण्यात त्याला फारसा रस नव्हता. त्याचा जीव होता काडतुसात. कोणतं घ्यायचं हे ठरवण्यात त्याने अख्खा हिवाळा घालवला. एक फार वेगवान, पण रायफलची नळी लवकर खराब करतं. दुसरं कुठल्याही दुकानात मिळतं, पण लांबवर वाऱ्याने भरकटतं. जेवताना हेच. शेवटी टू-ओ-फोर नावाचं काडतूस ठरलं. त्याची गोळी पेन्सिलीपेक्षा बारीक आणि वेग आवाजाच्या तिपटीहून जास्त. मी विचारलं, यातच असं काय आहे? तर म्हणाला, याचा धक्का इतका कमी असतो की दुर्बीण डोळ्यासमोरून हलत नाही, गोळी कुठे लागली ते आपलं आपल्याला दिसतं, चुकलो का म्हणून शेजारच्याला विचारावं लागत नाही.

विकतची काडतुसं त्याला पसंत नव्हती. उडवलेल्या पितळी पुंगळ्या तो गोळा करून आणायचा, घासूनपुसून पुन्हा मापात बसवायचा, मागे नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, ठोकायचा, पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, तोलून भरायचा, वरून गोळी दाबायचा. पावडर ग्रेनमध्ये तोलतात. एका ग्रॅमचे साधारण पंधरा ग्रेन होतात, आणि हा ग्रेनचा दहावा भाग चुकला तरी ओतून परत भरायचा. प्रत्येक डब्यात पन्नास. प्रत्येक डब्यावर तारीख आणि वजन. टेबलावर पावडरचा एका वेळी एकच डबा, हा त्याचा नियम होता. तो पिस्तुलाचीही काडतुसं भरायचा, आणि पिस्तुलाची पावडर भसकन जळते. ती चुकून रायफलच्या काडतुसात गेली तर रायफल तोंडापाशीच फुटते, हे त्याने मला आणि आमच्या मुलीला इतक्या वेळा ऐकवलं होतं की आम्ही पाठ म्हणून दाखवायचो.

मुलगी त्याच्यासोबत चौदाव्या वर्षापासून जायची. आता ती फ्लॅगस्टाफला एका शाळेत शिकवते. नेम तिचा बापापेक्षा चांगला.

माझं स्वतःचं कामही मोजण्याचंच. इथल्या एका कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात मी मोजणारी यंत्रं सांभाळते. यंत्र हळूहळू खोटं मोजायला लागतं, रोज थोडं थोडं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या लक्षात येण्याआधी माझ्या लक्षात यावं, यासाठी मला पगार मिळतो. घरी आले की ही सवय दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. दूध आणायला विसरलास, हे या महिन्यात तिसऱ्यांदा, असं मी बोलायचे. तो हसायचा आणि गॅरेजमध्ये जायचा.

एप्रिलमध्ये एकदा संध्याकाळी तो पावडर तोलायचा काटा हातात घेऊन स्वयंपाकघरात आला. म्हणाला, हा बिघडलाय बहुतेक, जरा बघतेस? मी पोळ्या ठेवून बघितला. ठरलेलं वजन टाकलं, काढलं, परत टाकलं. काटा चोख होता. "काट्याला काही झालेलं नाही," मी म्हणाले, "तुझंच लक्ष नसतं." तो बरं म्हणाला आणि गेला.

जूनमध्ये तो बाथरूममध्ये पडला. डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून होता? मी अगदी ठामपणे सांगितलं, जूनच्या पहिल्या आठवड्यापासून, त्याआधी काही नाही. मोजायची सवय असलेल्या बाईच्या थाटात सांगितलं. डॉक्टर म्हणाले, गाठ लहान असताना, मार्चच्या सुमाराला कळलं असतं, तर ऑपरेशनचा विचार करता आला असता. आता उशीर झालाय. ऑगस्टमध्ये तो गेला.

ऑक्टोबर उजाडला तेव्हा कुठे मी गॅरेजमध्ये बसायचं मनावर घेतलं. सात डबे होते. मुलगी शुक्रवारी आली होती, तिने सगळेच मागितले. म्हणाली, मी नेते, तू नको त्रास घेऊ. मी दिले नाहीत. हे काम मी करणार, असं माझं ठरलं होतं. खरं म्हणजे त्याच्या हातचं काहीतरी एकदा माझ्या हातातून जावं, असं मला वाटत होतं. तिने फारच हट्ट धरला तेव्हा शेवटची तारीख असलेला एक डबा दिला. शनिवारी पहाटे ती बापाची रायफल घेऊन म्हाताऱ्याच्या शेतावर निघाली. म्हाताऱ्याचा नियम मला आठवत होता. पण मला वाटलं, तो नियम परक्यांसाठी. बापाने भरलेलं काडतूस मुलीला परकं कसं असेल?

ती गेल्यावर मी कामाला बसले. त्यासाठी हातोडीसारखं एक प्लास्टिकचं हत्यार असतं. काडतूस त्यात अडकवायचं आणि सिमेंटवर आपटायचं, की गोळी निसटते आणि पावडर त्याच्याच पोकळीत पडते. फेकण्याआधी प्रत्येक काडतुसातली पावडर मी तोलत होते. कुणी सांगितलं नव्हतं, पण तोलल्याशिवाय मला राहवेना. पहिले तीन डबे म्हणजे त्याचं अक्षरच. दीडशे काडतुसं आणि एकही दहाव्या भागाने चुकलेलं नाही. मला त्या वेळी त्याचा इतका अभिमान वाटला की एकटीच रडले.

चौथ्या डब्यावर मार्चची तारीख होती. त्यातलं बारावं अर्धा ग्रेन कमी निघालं. पुढचं बरोबर. त्याच्या पुढचं जास्त. मी काटा तपासला. काटा चोख होता. पाचव्या डब्यात एकाचं दुसऱ्याशी जुळेना, एक-एक, दोन-दोन ग्रेनचा फरक. डब्यावर मात्र तेच वजन, त्याच सुबक आकड्यांत लिहिलेलं. मला काय दिसतंय ते मला कळत होतं. आयुष्यभर मी दुसरं काय पाहिलंय? तरीही हात थांबेनात.

सहाव्या डब्यातल्या एका काडतुसातून पावडर पडली ती वेगळीच होती. रायफलच्या पावडरचे दाणे बारीक काड्यांसारखे असतात. हे चपटे होते, टिकल्यांसारखे. ती पिस्तुलाची पावडर होती.

आणि सातवा डबा मुलीकडे होता.

फोन लागेना. त्या शेतावर कुठे रेंजच नसते. मी दहा वेळा, वीस वेळा लावला.  डोळ्यासमोर रायफलच्या दस्त्याला टेकवलेला तिचा गाल येत होता, तिचा उजवा गाल, लहानपणी पडून खूण झालेला. म्हाताऱ्याच्या घरचा जुना फोन शेवटी लागला. मी काय बोलले आठवत नाही. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, फक्त म्हणाला, निघालो. मी गॅरेजच्या जमिनीवर तशीच बसून राहिले. चाळीस मिनिटांनी त्याचा फोन आला. मुलगी धडधाकट आहे. तो डबा तिच्या गाडीत आहे, उघडलेलासुद्धा नाही. ती दुकानातून आणलेली काडतुसं उडवत होती.

ती संध्याकाळी परत आली. आत आली आणि टेबलावरच्या पावडरच्या ढिगांकडे बघत उभी राहिली. चुकीच्या निघालेल्या काडतुसांची पावडर मी फेकली नव्हती, प्रत्येक ढिगाखाली कागद ठेवला होता, त्यावर वजन लिहिलं होतं. मी विचारलं, तुला माहीत होतं?

 ती मान खाली घालून सांगायला लागली. मार्चमध्ये शेतावर त्याची एक गोळी निम्म्या वाटेतच जमिनीत घुसली, आणि पुढच्या काडतुसाने रायफल अडकली, पुंगळी फुगून निघाली. बाबा अर्धा तास गाडीत नुसता बसून होता. मग त्याने तिला सांगितलं, मी भरलेलं यापुढे कधीही उडवायचं नाही. तेव्हापासून दोघं विकतचीच काडतुसं वापरत होती. माझ्या हाती लागू नयेत म्हणूनच तिने सगळे डबे मागितले होते.

"मग तो रोज संध्याकाळी इथे काय करत होता?" मी विचारलं.

"लोडिंगच. बंद केलं असतं तर तू विचारलं असतंस, व्हाय. बाबा म्हणाला, आईला सांगू नको. ती मला चेक करत बसेल. रोज."

म्हणजे तीन महिने माझा नवरा कुणीही कधीही उडवणार नाही अशी काडतुसं भरत होता, मला शंका येऊ नये म्हणून. स्वतःच्या हाताला काय होतंय ते त्याला कळत होतं. फक्त एकदा तो काटा घेऊन माझ्याकडे आला होता. मला त्या वेळी त्याचा भयंकर राग आला आणि त्याच्याहून जास्त माझा. 

मुलगी जमिनीवर माझ्याशेजारी बसली.  "आय न्यू, आई," ती म्हणाली. "मार्चपासून. मी सांगितलं असतं तर? वुड ही हॅव लिव्ह्ड?"

डॉक्टरांचे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत. ते बोलले तेव्हा ती खोलीत नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मार्चमध्ये कळलं असतं तरी काही फरक पडला नसता."

"शुअर?"

"शुअर."

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती खूप रडली. आजवर मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही, पण तिने पुन्हा विचारलं तर हे खोटं मी पुन्हा बोलेन. तिला मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. म्हणून हे मी मराठीत लिहून ठेवलं आहे.