सोफ्यावरचा बिकरस्टाफ

पडदा वर जातो. लाल सोफ्यावर चहा घेता घेता मेलेला एक मामा. पोटावर बशी, बशीत माशाची सँडविचेस. समोर तीनशे माणसं ओले रेनकोट मांडीवर घेऊन बसलेली. आमचं थिएटर धक्क्याच्या टोकाला, त्यामुळे पायांखाली समुद्र आपटतोय.

तो मामा म्हणजे विल्फ बिकरस्टाफ. इंग्लंडातल्या लँकेशरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या नाटक कंपनीत दर सोमवारी नवं नाटक लागायचं. विल्फ वीस वर्षं दर सोमवारी नवा बटलर, नवा पाद्री, नाहीतर नवं प्रेत व्हायचा. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. खोड एकच: तो कॉर्प्स व्हायचा.

कॉर्प्स म्हणजे इंग्रजीत प्रेत. पण आम्हा नाटकवाल्यांत ते क्रियापद आहे. रंगमंचावर नको तिथे हसू फुटलं, की नट ‘कॉर्प्स झाला’. चेष्टेनं सोबतिणीला हसवलं, तर ‘त्यानं तिला कॉर्प्स केलं’. पहिली चूक, दुसरं पाप. प्रेताच्या सोंगातला कुणी नट हसला त्यावरून हा शब्द निघाला, असं विल्फ सांगायचा. खरंखोटं देव जाणे.

मी कंपनीत नवी होते तेव्हा त्यानं शिकवलं, “पोरी, हसू आलं की घरच्या गोठलेल्या नळाचा विचार कर.”

“तुम्हाला उपयोग होतो?”

“छे! मला नळसुद्धा हसवतो.”

ईस्टरला तो पाद्री होता आणि भर प्रार्थनेत त्याचे खांदे गदगदले. कंपनीच्या मालकीण आणि नायिका मिसेस गारसाइड सगळ्यांदेखत म्हणाल्या, “विल्फ, पुन्हा एकदा हसलात, की शनिवारी ट्रंक भरायची.” एकसष्ट वर्षांचा, एकटा माणूस. दुसरी कोणती कंपनी त्याला घेणार होती? तेव्हापासून तो मुठीत टाचणी घेऊन रंगमंचावर जायचा.

त्या गुरुवारी पाऊस पडून गेल्यावर भयंकर उकडत होतं, म्हणून मागचं दार उघडं ठेवलं होतं. दुसऱ्या अंकात तिथून एक सीगल पक्षी चालत आत आला. घाई नाही, गडबड नाही, थेट विल्फच्या पोटावर. एक सँडविच खाल्लं. दुसरं खाल्लं. मग विल्फची मिशी ओढू लागला.

मिसेस गारसाइड मामाच्या बहिणीच्या कामात होत्या. पाठ केलेलं वाक्य आपोआप तोंडातून निघालं: “बघा ना, अंगावर साधा ओरखडासुद्धा नाही!”

मी मोलकरीण, भिंतीकडे तोंड फिरवलं, पण हातातले कप खडखडा वाजायला लागले. बाईंनी रुमाल तोंडात कोंबून हुंदका काढला. त्या हुंदक्यातून जे खिंकाळणं बाहेर पडलं, ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. विल्फची पापणी हलली नाही. सीगल ढेकर दिल्यासारखा ओरडला आणि आल्या वाटेनं निघून गेला. टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर विल्फनं मूठ उघडली. तळव्यावर रक्ताचे तीन ठिपके. मिसेस गारसाइड समोर आल्या, काजळ हनुवटीपर्यंत ओघळलेलं.

“विल्फ,” त्या म्हणाल्या, “आज माझ्याकडून…”

विल्फनं जाकिटावरचं पीस उचललं, अदबीनं त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, “बाईसाहेब, शनिवारी तुमची ट्रंक भरायला येऊ का?”