डाव्या बाजूची मोकळी जागा

सोलापूर स्टेशनवर वडिलांनी मला निरोप दिला तो दोन आज्ञा देऊन. मासे खायचे नाहीत आणि होडीत बसायचं नाही. आई शेंगाचटणीचा डबा खिडकीतून आत ढकलत म्हणाली, "तिथं सगळं खारट असतंय म्हणे. एवढं तिखट जवळ असू दे." गाडी हलली आणि मी नाटकातल्या राजपुत्राच्या थाटात हात हलवू लागलो. फलाट संपला, गाव संपलं, तरी हलवतच राहिलो. शेवटी समोरच्या गृहस्थांनी उठून खिडकी लावून घेतली.

होडीची आज्ञा मुंबईच्या धक्क्यावरच मोडली, कारण रेवसला जाणारी लाँच म्हणजे पोटात इंजिन असलेली होडीच. माशांची मोडायला आठवडा लागला. सोलापुरात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्या भावंडांना हे आज पत्रातून सांगतो, कारण वडील आता रागवायला नाहीत. सुक्या बोंबलांचा वास मला पहिल्या दिवशी असह्य झाला होता. आता परगावी गेलो की तो येत नाही म्हणून झोप लागत नाही.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. चौलच्या पुढे कोळ्यांच्या एका वाडीतल्या शाळेत मी ड्रिल मास्तर म्हणून रुजू झालो. ट्रंकेत नवाकोरा कातडी फुटबॉल होता. "ग्राउंड कुठे आहे?" मी हेडमास्तरांना विचारलं. त्यांनी समुद्राकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. म्हणाले, "येईल आता."

आणि आलं. पाणी मागे सरकत गेलं आणि खालून राखाडी, ओली, सपाट वाळूची पुळण वर आली. रोज वर येणारं आणि रोज बुडणारं मैदान मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ड्रिलचा तास ओहोटी ठरवायची.

पहिले काही दिवस मी सगळ्यांना एकच धडा दिला, आणि तो कुणालाच आला नाही. मग मुलांकडे नीट पाहिलं. कोळ्यांची पोरं वाळूत अंगठे रोवून पळायची, पण चेंडू दिसला की सगळी त्याच्यावर तुटून पडायची. चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतली मुलं झाडांवर चढून पायांनी दणकट झालेली, पण पळायला आळशी. काहींना तर चेंडूचीच भीती. मी गट पाडले. धावणाऱ्यांना वाळूत काठ्या रोवून त्यांतून चेंडू हळू न्यायला लावलं. दणकटांना उभ्या उभ्या लांब मारायला. भित्र्यांनी चेंडू आधी हाताने घरंगळवायचा, मग मांडीवर घेऊन बसायचं, मग पायाने. हेडमास्तर म्हणाले, "शाळा एक, शिट्टी एक, आणि धडे इतके?" मी म्हणालो, "पाय वेगवेगळे आहेत, साहेब." ते माझ्या पायांकडे पाहत निघून गेले.

नामा कुठल्याच गटात बसेना. आदल्या हंगामात त्याचा बाप हिराजी होडीवरून समुद्रात पडला होता. होडी परत आली, हिराजी आला नाही. प्रेतही लागलं नाही. म्हणून नामाच्या आईच्या हातात अजून हिरवा चुडा होता आणि वाडीत हिराजीसाठी कुणी रडलं नव्हतं. नामा कुणाशी बोलत नसे. चेंडू मात्र सुरेख मारायचा, पण नेहमी डावीकडे, पाण्याच्या अंगाला. तिथे कुणीच नसायचं. मी कुणाला उभं राहायला सांगितलं की पोरं पायाने वाळू उकरत बसत.

"जा की रे. जागा मोकळी आहे."

"मोकळी न्हाय, मास्तर," एक जण म्हणाला. "तिथं मानूस हाय."

मी हसलो. हसण्याचा मला चांगला सराव आहे. मग एका सकाळी धुक्यात नामाने चेंडू मारला, तो दिसेनासा झाला, आणि थोड्या वेळाने घरंगळत परत आला. वारा असेल, उतार असेल, असं म्हणत मी पाहायला गेलो. उतार समुद्राकडे होता. ओल्या वाळूवर चेंडूची जाणारी रेघ होती, येणारी रेघ होती. मधे पावलं नव्हती.

पुढे रोज चेंडू जरा लांबून परत यायचा आणि रोज नामा जरा पुढे जायचा. एके दिवशी भरती लागली तरी तो कंबरभर पाण्यात उभा राहून वाट पाहत होता. मी बखोट धरून ओढून आणला. त्याची आई टोपली तिथेच टाकून धावत आली. "बापूस बोलवतोय त्याला," ती म्हणाली. "मास्तर, त्यो चेंडू बंद करा. माझं येवढंच उरलंय." मलाही ते पटलं असतं. पण पोराचे डोळे पाहिले आणि कळलं, चेंडू बंद केला तर हा चेंडूशिवाय जाईल.

मी हिराजीच्या होडीच्या तांडेलाकडे, म्हणजे होडीच्या म्होरक्याकडे गेलो. तो जाळं सांधत होता. होडीतही हिराजीची वल्ह्याची जागा रिकामीच ठेवलेली.

"ती भरतच नाही का कधी?"

"भरते. इचारून बसायचं. सरक रं, मी बसतो, म्हनायचं. आनि त्यो सरकंपरत थांबायचं."

"सरकला हे कळतं कसं?"

"कळतं."

"मग तुम्ही का नाही बसलात?"

त्याने दाताने दोरा तोडला. "आमाला त्यो सरकताना दिसंल, मास्तर. तुमी देशावरचे. तुमची वळख न्हाय."

दुसऱ्या सकाळी मी जाऊन डाव्या बाजूला उभा राहिलो. धुकं होतं. माझा आवाज एरवी नाट्यगृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो, तो त्या दिवशी मलाच ऐकू येईना. "सरका हिराजीराव," मी म्हणालो, "मी उभा राहतो." आणि थांबलो. डाव्या खांद्याला समुद्रावरचा गार वारा झोंबत होता. मग तो लागेनासा झाला. उजवीकडे वारा होता, पुढे होता, फक्त तिथे नव्हता, कुणी अगदी लगत येऊन उभं राहावं तसं.

नामाने चेंडू मारला. मी तो अडवला आणि किनाऱ्याकडे मारला, अंगात होता तेवढा जोर लावून. नामा माझ्याकडे पाहत राहिला. माझ्याकडे नव्हे, जरासा डावीकडे. बराच वेळ. मग वळला आणि चेंडूमागे धावला, जमिनीच्या दिशेने.

संध्याकाळी त्याच्या आईने चुडा उतरवला. हिराजीसाठी वाडी त्या दिवशी पहिल्यांदा रडली. नामा आता धाकट्या पोरांचे गट पाडतो आणि भित्र्यांना माझ्यापेक्षा चांगलं शिकवतो.

तुम्ही लिहिता, आता पुरे झालं, घरी ये. सोलापुरात माझ्या कोपऱ्यात तुम्ही शिवणयंत्र ठेवलंय आणि ते योग्यच आहे, कोपरा किती दिवस अडवून ठेवायचा. पण इथे माझ्यासाठी कुणीतरी सरकलं आहे. मला घर म्हणजे आता तेवढं कळतं. अशी जागा न सांगता सोडता येत नाही, म्हणून मागच्या सुट्टीत पुळणीवर डाव्या बाजूला जाऊन मी विचारलं, "हिराजीराव, जाऊ का?"

अजून उत्तर आलेलं नाही. थांबलोय.