डिसेंबरातली दिवाळी

चष्मा घ्यायला पुण्याच्या कॅम्पात गेले होते. नाताळ दोन दिवसांवर आलेला, पण रस्ता ओळखीचा वाटेना. जिकडेतिकडे त्याच निळ्या माळा. जुन्या बेकरीच्या दारात मात्र कागदाची पिवळी चांदणी लागली होती.

लहानपणी आम्ही पेठेतून बसने इथे रोषणाई बघायला यायचो. तेव्हा दर दुकानाची चांदणी निराळी असे. पहिल्याच वर्षी आई गडबडली आणि केक बांधून देणाऱ्या बेकरीवाल्या बाईंना म्हणाली, "दिवाळीच्या शुभेच्छा!" आम्हा भावंडांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसून म्हणाल्या, "तुम्हालाही, ताई." पुढे दर नाताळात दोघी एकमेकींना मुद्दाम हेच म्हणायच्या. शुभेच्छा चुकल्या म्हणून काय झालं, दिवे तर खरेच होते.

आत गेले. त्याच बाई, आता थकलेल्या, गल्ल्यामागे मान खाली घालून बसल्या होत्या. इतक्या वर्षांनी मला त्या काय ओळखणार? केक घेतला आणि निघता निघता म्हटलं, "दिवाळीच्या शुभेच्छा."

त्यांनी झटकन मान वर केली. माझ्या मागे, दाराकडे बघत विचारलं, "ताई नाही आल्या?"